युद्धाचे बिल कोणाच्या नावावर?

युद्ध पेटले की वाहिन्या आधी शेअर बाजार दाखवतात. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि त्याच दिवशी सेन्सेक्स २,७०२ अंकांनी कोसळला. गुंतवणूकदारांचे किती लाख कोटी बुडाले, याचीच मग चर्चा. पण १७ मार्चला सेन्सेक्स हल्ल्याच्या आदल्या दिवसापेक्षा वर होता. तीन आठवड्यांत बाजार सावरला. युद्ध चालूच होते.

चूल सावरली काय? आपल्याकडे सूर्यफुलाचे तेल तेव्हा मुख्यतः युक्रेन आणि रशियातूनच येत होते. ते भडकले. एप्रिलमध्ये किरकोळ महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली, मे महिन्यात गॅस सिलिंडरने हजार रुपये ओलांडले. कोरोनानंतरची टंचाईही याला कारण होती, हे मान्य. पण आगीत तेल ओतले ते युद्धाने. महागाई आवरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ४ टक्क्यांचा रेपो दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ टक्क्यांवर नेला. घरासाठी कर्ज काढलेल्या शिपायाचा एक तर हप्ता वाढला, नाही तर फेडीची वर्षे वाढली. युक्रेनमधल्या तोफेशी त्याचा संबंध काय? पण वसुली त्याच्याकडूनच!

उलट इंधन निर्यात करणाऱ्या कंपन्यांचा नफा इतका फुगला की केंद्र सरकारला १ जुलै २०२२ पासून त्यावर खास कर बसवावा लागला. डिसेंबर २०२४ मध्ये तोही उठवला.

बाबासाहेबांनी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध केला, तेव्हा पहिल्या महायुद्धातील भाववाढ ताजी होती. रुपया घसरला की भाव आधी चढतात, मजुरी मागून रखडत येते आणि मधला फरक मालकाच्या पदरात पडतो. तो देशाचा नफा नव्हे, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. आमचे अर्थतज्ज्ञ मात्र आजही सेन्सेक्सकडेच पाहतात.

सरकारी नोकराला वर्षातून दोनदा महागाई भत्ता वाढवून मिळतो. महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ताही दर सहा महिन्यांनी बदलतो, पण कागदावर. आमच्याकडे येणाऱ्या कंत्राटी सफाई कामगारांपैकी अनेकांना असा भत्ता असतो, हेच ठाऊक नसते. पुढच्या पगाराला कंत्राटदाराकडून पगाराची चिठ्ठी मागून घ्या आणि त्यात तो रकाना आहे काय, ते पाहा. नसेल तर कामगार आयुक्तांकडे लेखी अर्ज करता येतो.