मुलामागचा हात शोधा

कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ साली रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींना मुलांचे अपहरण व खून केल्याबद्दल फाशी सुनावली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, २०१४ मध्ये दयेचे अर्ज फेटाळले गेले आणि जानेवारी २०२२ मध्ये शासनाच्या दिरंगाईमुळे उच्च न्यायालयाने शिक्षा जन्मठेपेवर आणली. इतकी वर्षे चर्चा झाली ती फाशीची. पण १९९० ते १९९६ या काळात गोरगरिबांची लेकरे पळवली गेली ती कशासाठी? कडेवर मूल असले की चोरावर संशय येत नाही, पकडले गेलेच तर जमावाला दया येते, म्हणून. मुलाला गुन्ह्याचे साधन करण्याची ही रीत त्या खटल्याबरोबर संपली नाही.

आज ती बाल न्याय मंडळासमोर वेगळ्या रूपात येते. मंगल कार्यालयातून दागिन्यांची पिशवी उचलणारे पोर, गांजाची पुडी पोहोचवणारे पोर. असे मूल सापडले की त्याची नोंद होते, अहवाल तयार होतो, निरीक्षणगृहाचा रस्ता ठरतो. त्याला पाठवणारा माणूस मात्र कागदावर येतच नाही. तो दुसरे मूल शोधायला मोकळा राहतो.

कायदा इथे तोकडा नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ८३(२) नुसार मुलांना बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. अमली पदार्थांची ने-आण करायला लावल्यास कलम ७८ आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ ने तर गुन्ह्यासाठी मुलाला कामाला लावणाऱ्यास किमान तीन वर्षांची शिक्षा ठरवली आहे. मुलाची खरेदी-विक्री वा वाहतूक झाली असेल तर कलम १४३ नुसार ती जन्मठेपेपर्यंत जाते.

ही कलमे लागण्याची सुरुवात पोलीस ठाण्यात होते. सामाजिक पार्श्वभूमी अहवालाच्या नमुन्यात एक प्रश्न असतो : या मुलाचा टोळीने किंवा प्रौढांनी वापर केला आहे का? तिथे चौकशी न करता ‘नाही’ लिहिले, तर पुढची सगळी साखळी तिथेच तुटते. बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याने हा प्रश्न भाषेची अडचण दूर करून, धाक न दाखवता विचारला पाहिजे. मूल पहिल्या दिवशी बोलणार नाही. त्याला पढवलेले असते, त्याच्या घरच्यांना उचल दिलेली असते. म्हणून परिवीक्षा अधिकाऱ्याने सामाजिक तपासणी अहवालात तोच प्रश्न पुन्हा घ्यावा. मुलाला इथे कोणी आणले, ते कुठे राहत होते, कमाई कोणाच्या हातात जात होती, याची उत्तरे त्यात दिसली पाहिजेत.

विधिसंघर्षग्रस्त बालक आणि काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक ही दोन वेगळी मुले नव्हेत, हे बाल न्याय अधिनियमाचे कलम ८(३)(छ) स्वतःच मान्य करते. मंडळ कोणत्याही टप्प्यावर प्रकरण बाल कल्याण समितीकडे पाठवू शकते आणि दोघांनी मिळून काम करणे त्यात अपेक्षित आहे. बचाव पक्षाच्या वकिलांनी प्रकरण समितीकडे पाठवण्याचा अर्ज जामिनाच्या अर्जासोबतच द्यावा. जामीन मिळालेले मूल ज्याने आणले त्याच्याच हाती परत गेले, तर तो जामीन मुलाचा राहत नाही.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात मुलामागचा हात शोधण्याचे काम अधिक कठीण आहे. कागल ओलांडले की कर्नाटक सुरू होते आणि तपास दोन राज्यांत विभागला जातो. गळीत हंगामात ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर शेकडो मैलांवरून मुले येतात; त्यातले एखादे फडावरून नाहीसे झाले तर त्याची तक्रार कुठल्या ठाण्यात द्यायची, हेही पालकांना ठाऊक नसते. हरवलेले प्रत्येक मूल पळवले गेले आहे असे गृहीत धरून गुन्हा नोंदवा, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश या कुटुंबांसाठीही आहे. चार महिन्यांत मूल सापडले नाही तर तपास मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे गेलाच पाहिजे. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात आहे. आदेश पाळला जात नसेल तर दाद मागायला आता मुंबई गाठावी लागत नाही.

मुख्य न्यायदंडाधिकारी दर तीन महिन्यांनी मंडळाकडील प्रलंबित प्रकरणांचा आढावा घेतात. त्या आढाव्यात एक रकाना वाढवावा, अशी आमची मागणी आहे : किती मुलांमागच्या प्रौढांवर गुन्हे नोंदवले गेले? मुलांची संख्या मोठी आणि हा आकडा शून्य असेल, तर आपण केवळ मुलांनाच पकडत आहोत, हे मान्य करून तपासाची दिशा त्याच बैठकीत बदलली पाहिजे.