पोरगी समाजशास्त्र घेते म्हणते

आमच्या लेकीचं बी.ए. झालं आणि घरात नवाच विषय निघाला. तिला समाजशास्त्रात एम.ए. करायचंय. तेवढ्यावर थांबली असती तर बरं, पण पाहुण्यांसमोर तिने सांगून टाकलं की पुढे तिला आंदोलनांचा, चळवळींचा अभ्यास करायचाय. धाकट्या जाऊबाईंच्या हातातला कप हातातच राहिला. “मोर्चाचा कसला अभ्यास गं? आपल्या हिंगोलीत कलेक्टर ऑफिससमोर कोण ना कोण बसलेलंच असतंय. ते बघायला एम.ए. कशाला लागतंय?” सगळे हसले. खरं सांगते, मीही हसले.

रात्री मात्र चुटपुट लागली. कारण मीही समाजशास्त्र घेऊनच बी.ए. झालेली. मैत्रिणींनो, आपल्याकडे हा विषय कसा घेतात ते तुम्हालाही माहीत आहे. ‘सोपा आहे, मार्क पडतात’ म्हणून. गाईड आणायचं, व्याख्या पाठ करायच्या, पेपर झाला की विसरून जायचं. सामाजिक चळवळीची व्याख्या मीही पाठ केली होती. पण त्या व्याख्येत माझी आत्या, मावशी कुठे बसते, हे मला कुणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

ते विचारणारी एक बाई होऊन गेली. गेल ऑम्वेट. जन्म अमेरिकेतला, १९४१चा. महात्मा फुल्यांपासून सुरू झालेल्या पश्चिम भारतातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर त्यांनी बर्कलेच्या विद्यापीठात प्रबंध लिहिला, १९७३ साली डॉक्टरेट मिळवली. आता एवढं शिकलेल्या बाईने तिकडेच प्राध्यापकी करून सुखात राहायचं की नाही? त्या आल्या सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात. भारत पाटणकरांशी लग्न केलं, १९८३ मध्ये भारताचं नागरिकत्व घेतलं आणि २५ ऑगस्ट २०२१ला त्याच गावात त्यांनी शेवटचा श्वास घेतला. सासूबाई इंदुताई पाटणकर प्रतिसरकारच्या काळातल्या स्वातंत्र्यसैनिक. नंतर परित्यक्ता बायकांसाठी त्या झटल्या. सासू अशी असली तर सून काय काय करू शकते, असा एक विचार माझ्या मनात येऊन गेला. असो.

त्यांनी पुणे विद्यापीठात फुले-आंबेडकर अध्यासनाचं काम पाहिलं, परदेशातही शिकवलं. पण मला त्यांचं मोठेपण वेगळंच वाटतं. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्या सुमारास महाराष्ट्रात बायका मोठ्या संख्येने मोर्चात, संघटनांत उतरत होत्या. ऑम्वेट त्यांच्यात फिरल्या. शेतमजूर बायांना, कामगार बायांना भेटल्या, त्यांचं ऐकलं आणि १९८० मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक आणलं. ‘आम्ही हा तुरुंग फोडू’ अशा अर्थाचं त्याचं नाव. पेपरात आपण वाचतो, ‘महिलांची उपस्थिती लक्षणीय होती.’ संपलं! त्या लक्षणीय बायका घरी भाकरी कुणाच्या भरवशावर टाकून आल्या, मजुरी किती बुडाली, परत गेल्यावर नवरा काय बोलला, हे कुठे असतं?

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेबरोबर त्या होत्या, खुल्या बाजाराच्या बाजूने लिहायच्या. सोयाबीनचा भाव कोसळतो त्या वर्षी ते लिखाण आमच्या घरात कुणी वाचून दाखवलं तर ह्यांना सोसायचं नाही. पण याच संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी बायकांचं मोठं अधिवेशन भरवलं आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’तून बायकोच्या नावावर जमीन करायला नवऱ्यांना तयार केलं, तेही ऑम्वेटबाईंनीच लिहून जगापुढे मांडलं.

आणि आपल्याइकडचं म्हणाल, तर मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ मध्ये झाला तेव्हा आपला भाग पेटला होता. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली. माझा जन्मही नव्हता, पण आई अजून त्याबद्दल आवाज खाली करून बोलते. नामविस्तार व्हायला १९९४चा जानेवारी उजाडला. मधली सोळा वर्षं गावागावांतल्या बायका एकमेकींशी कशा बोलल्या, पाण्यावर, रानात कशा भेटल्या, हे मी आईला आजवर विचारलेलं नाही.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण आहे. २०२३च्या दिवाळीच्या आगेमागे मराठा आरक्षणाचं आंदोलन तापलं होतं. गावाबाहेर पुढाऱ्यांना गावबंदीच्या पाट्या लागल्या. नोव्हेंबरात हिंगोलीत ओबीसींची मोठी सभा झाली. मी ज्या बचत गटाचं काम बघते त्यात दोन्हीकडच्या बाया. वर्षानुवर्षं एका टोळीत कापूस वेचणाऱ्या. त्या महिन्याच्या बैठकीत सतरंजीवर मधे जागा सोडून बसल्या. हप्ते भरले, सह्या केल्या, उठल्या. कुणी काही बोललं नाही. मीही नाही. मला वाटलं, नको विचारायला, उगाच भडका व्हायचा.

लेक तेव्हा कोपऱ्यात बसून वही लिहीत होती, हिशेबाला मदत म्हणून. घरी येताना तिने विचारलं, “आई, कुणी बोलत का नव्हतं आज?” मी म्हटलं, थकल्या असतील. पुढच्या बैठकीला ती लवकर गेली आणि एकेकीजवळ जाऊन बसली. काय विचारलं मला माहीत नाही. एक म्हातारी मात्र जाताना मला म्हणाली, “ताई, तुमची पोरगी लई खोदून विचारायली. पण ऐकून घेती.” ती सतरंजीवरची जागा भरायला पुढे चार-पाच महिने गेले. लेकीमुळे भरली असं मी म्हणणार नाही. वेचणीला टोळी लागते, त्यामुळेही असेल.

जाऊबाईंचं म्हणणं अजून तेच आहे, नर्सिंग केलं असतं तर लगेच नोकरी लागली असती. त्यांचं चूकही नाही. त्यांच्या पोरीला लागली. ह्यांनी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. प्रवेशाची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. फीचे पैसे मी गटातून उचलणार आहे. कर्जाच्या अर्जावर कारण लिहावं लागतं, तिथे मी ‘मुलीचं शिक्षण, समाजशास्त्र’ असं लिहिलंय. सही करताना अध्यक्षबाईंनी विचारलं, “हे ते त्या दिवशीचंच ना, विचारत बसायचं?” मी हो म्हटलं.