चालण्याबरोबर तोलही शिकवा

मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका यांस



मुलुंड पूर्वेचं चिंतामणराव देशमुख उद्यान, बोरिवलीचं वीर सावरकर उद्यान, घाटकोपरचं आचार्य अत्रे मैदान. पहाटे कुठेही जा, साठी-सत्तरी ओलांडलेली माणसं नेमाने फेऱ्या मारताना दिसतील. हृदयाला, साखरेला, मनाला ते चालणं चांगलंच. पण नुसत्या चालण्याने पडणं टळतं असं नाही, आणि हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

कॉक्रेन या संस्थेने २०१९ साली १०८ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत साठीपुढचे तेवीस हजारांहून अधिक लोक होते. व्यायामाने पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी घटतं, असं निघालं. सर्वांत भक्कम पुरावा तोल सांभाळण्याच्या आणि उठण्या-बसण्यासारख्या रोजच्या हालचालींच्या सरावाचा होता. नुसत्या चालण्याबद्दल तशी खात्री देता आली नाही.

ते पटण्यासारखं आहे. डोळे, आतला कान, तळपाय आणि सांधे यांच्याकडून मेंदूला सतत खबर जाते, आणि त्यावर पाय सावरतात. मोतीबिंदू झाला, मधुमेहाने तळपाय बधिरले, मांड्यांतली ताकद गेली, की ही साखळी ढिली पडते. उद्यानातल्या सपाट वाटेवर ते कळतच नाही. कळतं ते पावसाळ्यात ओल्या जिन्यावर, हललेल्या पेव्हर ब्लॉकवर, बेस्टची बस सुटताना दांडा हाती येईपर्यंत, नाहीतर रात्री बाथरूमला जाताना.

माझ्या आईचं खुब्याचं हाड घरातच मोडलं. शस्त्रक्रिया झाली, मग फिजिओथेरपिस्ट येऊ लागल्या. खुर्चीतून हात न टेकता उठणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पायाच्या बोटांना दुसऱ्याची टाच भिडवून उभं राहणं, आडवं चालणं. ना यंत्र, ना औषध. हे सगळं तिला पाच वर्षं आधी का शिकवलं नाही, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. हाड जुळलं, पण भीती राहिली; एकटीने खाली उतरणं तिने सोडलं ते सोडलंच.

हे व्यायाम साधे असले तरी कागदावर छापून वाटण्याजोगे नाहीत. आधी दोन्ही हातांचा आधार, मग एका हाताचा, मग फक्त बोटाचा. एक पायरी जमली की दुसरी थोडी अवघड करायची. तोल जरा डळमळला तरच तो सुधारतो, आणि डळमळताना शेजारी जाणतं माणूस हवंच. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने नव्वदच्या दशकात असा घरी करायचा कार्यक्रम बसवला. तिथे प्रशिक्षण दिलेल्या परिचारिकांनीही तो शिकवला.

आपल्याकडे तर बरंच काही तयार आहे. पालिकेच्या केईएम रुग्णालयात १९५३ पासून फिजिओथेरपी शिकवली जाते. उपनगरांत राजावाडी, कूपर ही पालिकेचीच रुग्णालयं आहेत. नागरिकांनी गट जमवायचा आणि पालिकेने प्रशिक्षक द्यायचा, या पद्धतीने २०२२ मध्ये शिव योग केंद्रं सुरू झाली. त्याच पद्धतीने तोलाचे वर्ग भरवता येतील. उद्यानांत ओपन जिम बसवण्यावर पैसा खर्च झाला. पण त्यातल्या हलत्या पायऱ्यांवर चढायलाच सत्तरीतली बाई घाबरते. तिथे कमरेइतक्या उंचीचा पक्का कठडा, हात असलेल्या दहा-बारा खुर्च्या आणि शिकवणारं एक माणूस द्या. वर्ग आठवड्यातून तीनदा, तासभर आणि वर्षभर चालावा. सराव सुटला की कमावलेला तोल जातो, म्हणून शिबिरं नकोत. पावसात उद्यान निसरडं होतं, तेव्हा पालिका शाळेचा हॉल द्यावा. ज्यांना जिना उतरणंच शक्य नाही, त्यांच्या घरी आरोग्यसेविकेने जावं.

सुरुवात मुलुंड, घाटकोपर, अंधेरी आणि बोरिवलीत एकेका उद्यानाने करा. माणसं जमवण्याचं काम त्या त्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघांवर सोपवा. त्यांच्याकडे नावांच्या याद्या आहेत आणि रोज भेटणारी माणसं आहेत. येत्या अर्थसंकल्पात प्रशिक्षकांच्या मानधनाची तरतूद तेवढी आपण करावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
मुलुंडची एक रहिवासी