खपाचा आकडा आणि खेळाचा दर्जा



एकदा मधल्या सुट्टीनंतर मी नववीच्या वर्गात शिरले, तेव्हा दोन मुलांचा वाद रंगात आला होता. एक म्हणत होता, "हाच व्हिडिओ गेम सगळ्यांत चांगला, कारण तोच सगळ्यांत जास्त खपला आहे." दुसऱ्याला ते मान्य नव्हते. मला पाहताच पहिला मुलगा म्हणाला, "मिस, तुम्हीच सांगा. कोट्यवधी लोक एकाच वेळी चुकतील का?"

प्रश्न साधा नव्हता. "विचार करून सांगते," असे म्हणून मी धडा सुरू केला. ते राहिलेले उत्तर आज तुमच्यापुढे ठेवते. हे माझे मत आहे. पटले नाही, तर तुम्ही ते जरूर खोडून काढा.

आधी माझीच एक गोष्ट सांगते. १९९९ साली मी चौथीत होते. घरात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. ईदच्या दिवशी मिळालेली सगळी ईदी भाईजाननी आणि मी एकत्र केली आणि नवी कॅसेट आणायला आम्ही बाजारात गेलो. दुकानदाराने एक पिवळी कॅसेट पुढे ठेवली. तिच्यावर छापले होते, 'एकात ९९,९९,९९९ खेळ'. "सगळे हीच नेतात. सकाळपासून सहा गेल्या," तो म्हणाला. आम्ही पैसे मोजले आणि धावतच घरी आलो. पडद्यावर खेळांची यादी संपता संपेना. पण खेळ होते मोजून सात! तेच सात खेळ निरनिराळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येत होते. 'नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा' ही म्हण मी पुढे पुस्तकात वाचली. तिचा अर्थ मात्र त्या दिवशीच कळला.

संध्याकाळी मोहल्ल्यातील मुलांनी विचारले, "कॅसेट कशी आहे?" भाईजान म्हणाले, "एकदम झकास!" सगळी ईदी वाया गेली, हे सांगायची त्यांना लाज वाटली. मीही मान डोलावली. पुढच्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या आणखी तीन घरांत तीच कॅसेट आली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बी. एड. करताना मूल्यमापनाच्या विषयात मी 'सप्रमाणता' हा शब्द शिकले. जे मोजायचे आहे, नेमके तेच जे साधन मोजते, ते सप्रमाण साधन. तराजू कितीही चांगला असला, तरी त्याने अंगातला ताप मोजता येत नाही. त्यासाठी थर्मामीटरच लागतो. मग खपाच्या आकड्याने आपण नक्की काय मोजतो? दर्जा, की दुसरेच काही?

काही उदाहरणे पाहू. १९८० साली जपानमध्ये 'पॅकमॅन' हा खेळ तयार झाला. नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर तो जगभर गाजला. १९८२ साली अमेरिकेतील अटारी कंपनीने तो घरच्या टीव्हीवर खेळता येईल अशा स्वरूपात आणला. या घरगुती 'पॅकमॅन'च्या सत्तर लाखांहून अधिक प्रती खपल्या. अटारीच्या त्या यंत्रावर सर्वाधिक खपलेला खेळ तोच. पण मूळ खेळाची मजा त्यात फारशी उरली नव्हती. भुते पडद्यावर लुकलुकत होती आणि आवाज कानाला खुपत होते. लोकांनी तो घेतला, तो बाहेरच्या 'पॅकमॅन'ची गोडी आठवून.

त्याच वर्षी 'ई.टी.' हा चित्रपट खूप चालला. नाताळच्या आत त्यावरचा खेळ बाजारात यावा म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या एकट्या प्रोग्रॅमरला जेमतेम पाच आठवडे मिळाले. घाईत केलेला तो खेळ मुलांना कंटाळवाणा वाटला. तरीही त्याच्या सुमारे पंधरा लाख प्रती खपल्या. कंपनीने मात्र त्याहून कितीतरी अधिक प्रती काढून ठेवल्या होत्या. १९८३ साली न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो गावाजवळ अटारीने आपला पडून राहिलेला माल खड्ड्यात पुरला. २०१४ साली तो खड्डा उकरला, तेव्हा 'ई.टी.'च्या कॅसेटी खरोखरच बाहेर निघाल्या. पंधरा लाख हा आकडा खोटा नव्हता. पण त्याने मोजली ती चित्रपटाची लोकप्रियता.

काही वेळा तर गिऱ्हाईक खेळ निवडतही नाही. २००६ साली निन्टेन्डो कंपनीचे 'वी' हे यंत्र आले. जपान वगळता बहुतेक देशांत त्याच्या खोक्यातच 'वी स्पोर्ट्स' हा खेळ मिळत असे. त्याच्या आठ कोटींहून अधिक प्रती लोकांच्या घरी पोहोचल्या. खेळ चांगलाच होता, यात शंका नाही. परंतु साबणाबरोबर फुकट मिळालेली वाटी घरोघरी दिसली, म्हणून ती सर्वांची आवडती वाटी ठरते का?

आता उलट उदाहरण घ्या. 'अमंग अस' हा खेळ २०१८ साली आला, तेव्हा त्याच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. २०२० साली टाळेबंदीत लोक घरी अडकले. इंटरनेटवर खेळ खेळून दाखवणाऱ्यांनी तो उचलला आणि पाहता पाहता जगभर त्याचे नाव झाले. मग हा खेळ २०१८ साली वाईट होता आणि २०२० साली चांगला झाला का? खेळ तोच होता. बदलली ती लोकांची गरज आणि त्यांची नजर.

तुम्ही म्हणाल, "म्हणजे जास्त खपणारे सगळेच खेळ टाकाऊ?" मुळीच नाही. 'माइनक्राफ्ट' पाहा. २०११ साली पूर्ण स्वरूपात येण्याआधीच त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या होत्या. तेव्हा त्याच्यामागे मोठी कंपनी नव्हती आणि जाहिरातीचा गाजावाजाही नव्हता. खेळलेल्या मुलांनी न खेळलेल्या मुलांना सांगितले. २०२३ सालापर्यंत त्याच्या खपाने तीस कोटींचा टप्पा ओलांडला. पहिल्या आठवड्याचा खप आणि बारा वर्षे टिकलेला खप यांत फरक आहे तो हाच. पहिल्या आठवड्यात लोक खेळायच्या आधी पैसे मोजतात. म्हणून तो आकडा त्यांची आशा मोजतो. पुढे वर्षानुवर्षे होणाऱ्या खपात खेळून पाहिलेल्यांचा शब्द मिसळलेला असतो. म्हणून तो दर्जाच्या थोडा अधिक जवळ जातो. थोडाच, हे मात्र विसरू नका.

तर माझ्या विद्यार्थ्याला माझे उत्तर असे: कोट्यवधी लोक मूर्ख नसतात. पण दुकानात उभे असताना त्यांना खेळ कसा आहे हे ठाऊक नसते. नाव, चित्र, जाहिरात आणि "सगळे हीच नेतात" हे शब्द, एवढेच त्यांच्या हाती असते. आंबा कापल्यावर कळतो. पैसे मात्र आधी द्यावे लागतात.

कोणी म्हणेल, "मिस, मग आकड्याकडे पाहूच नये ना?" इथे मी थोडी थांबते. आकडा दर्जा सांगत नाही, पण पुढे काय तयार होणार हे तोच ठरवतो. २००६ साली जपानच्या क्लोव्हर स्टुडिओने 'ओकामी' नावाचा खेळ केला. त्यातील चित्रे जपानी शाईच्या चित्रांसारखी. खेळणाऱ्याने ब्रश फिरवला की तुटलेला पूल पुन्हा उभा राहतो! जाणकारांनी त्याची तोंडभरून स्तुती केली. खप मात्र बेताचाच झाला. २००७ साली तो स्टुडिओ बंद झाला. खेळ मात्र विसरला गेला नाही. नव्या यंत्रांसाठी तो पुन्हा पुन्हा काढावा लागला, आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये त्याचा पुढचा भाग येणार असल्याचे जाहीर झाले. चांगल्या खेळाला न्याय मिळायला अठरा वर्षे लागली. त्याआधीच तो करणाऱ्यांचा स्टुडिओ मोडला होता.

आणि निकृष्ट माल खपत राहिला तर? १९८३ साली अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला. त्याची कारणे अनेक होती. बाजारात झालेली सुमार खेळांची गर्दी हे त्यांतले एक. फसलेले गिऱ्हाईक पुढे चांगल्या मालावरही विश्वास ठेवत नाही.

म्हणून तुमच्या ईदीतून किंवा साठवलेल्या पैशांतून काही घ्यायचे असेल, तेव्हा 'किती खपला?' हे विचारा, पण तिथेच थांबू नका. 'खेळून झाल्यावर पुन्हा खेळावासा वाटला का?' हेही विचारा. हा प्रश्न दुकानदाराला विचारून उपयोग नाही. तो खेळलेल्या मित्राला विचारा.

आणि उद्या तोच प्रश्न कोणी तुम्हांला विचारला, तर खरे सांगा. आमच्या गल्लीत ती पिवळी कॅसेट चार घरांत होती. दुकानदाराने त्या चारही आपल्या खपात मोजल्या असतील. त्यांतील एक कॅसेट त्याच्या बोलण्यामुळे खपली; उरलेल्या तीन भाईजानच्या 'झकास'मुळे आणि माझ्या मान डोलावण्यामुळे. त्या तीन घरांतल्या मुलांचीही ती ईदीच होती.