एकटीचं वाणसामान

‘एकटीपुरतं काय रांधायचं?’ हा प्रश्न आपल्यापैकी किती जणींनी ऐकला असेल, आणि किती जणींनी स्वतःलाच विचारला असेल! प्रश्न साधा वाटतो, पण त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. एक, बाईने रांधायचं ते दुसऱ्यासाठी. दोन, खाणारं दुसरं कुणी नसेल तर तिने काहीबाही पोटात ढकलून भागवावं. माझं काम एकट्या राहणाऱ्या स्त्रियांबरोबर आहे. त्यांत विधवा आहेत, परित्यक्ता आहेत, घटस्फोट घेतलेल्या, लग्न न केलेल्या आणि नोकरीसाठी गाव सोडून आलेल्याही आहेत. मी स्वतः एकटीच राहते. पोटगी, मारहाण, मालमत्ता, घर या प्रश्नांवर आपण बोलतो, मोर्चे काढतो. पण एकटी बाई बाजारातून काय आणते, त्यातलं काय सडतं आणि शेवटी तिच्या ताटात काय पडतं, हा विषय आपल्या बैठकांत येत नाही. तो यायला हवा, असं माझं म्हणणं आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात विधवा, घटस्फोटित, विभक्त आणि अविवाहित अशा एकल स्त्रियांची संख्या सात कोटींच्या वर होती. त्या सगळ्या एकट्या राहत नाहीत, हे खरं. पण ज्या राहतात, त्यांचा विचार बाजाराने केलेलाच नाही. बाजाराच्या डोळ्यांपुढे चार-पाच माणसांचं घर असतं. मेथीची जुडी एकटीला तीन दिवस पुरते आणि दुसऱ्याच दिवशी पिवळी पडते. कोबीचा गड्डा आठवडाभर घरात लोळतो. वाण्याकडे पावशेर डाळ सुटी मिळत होती, तिथे आता बांधलेली पाकिटं आली. मोठं पाकीट घेतलं की किलोमागे स्वस्त, लहान घेतलं की महाग. म्हणजे जिची गरज कमी आणि बहुतेक वेळा मिळकतही कमी, तिनेच जास्त दर मोजायचा. गिरणीवाला किलोभराच्या आतलं दळण घ्यायला कुरकुरतो. जास्त दळून आणावं तर ज्वारीच्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना फाटते. बाजरीचं पीठ तर त्याआधीच कडू होतं.

मग काय होतं? एक तर अन्न फेकलं जातं, नाही तर ती ते शिळं, उतरलेलं खाते. बहुतेक जणी दुसरा मार्ग घेतात, कारण लहानपणापासून तेच शिकवलेलं असतं. सगळ्यांची पानं उठल्यावर बाईने बसायचं, उरलंसुरलं, करपलेलं, कालचं तिने संपवायचं. ताज्या पोळ्या इतरांना आणि सकाळच्या तिला. घर सुटलं, नवरा सुटला, तरी ही सवय सुटत नाही.

अन्नाची नासाडी हा जगाचा मोठा प्रश्न आहे, यात शंका नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ साली जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं सुमारे ६० टक्के घराघरांतून गेलं. पण ‘अन्न वाया घालवू नका’ हा उपदेश जेव्हा स्वयंपाकघरापर्यंत येतो, तेव्हा तो बाईलाच ऐकवला जातो आणि तिच्याच पोटावर येऊन पडतो. उरलेलं अन्न कचऱ्यात न जाता तिच्या ताटात गेलं की नासाडी टळली, असं आपण मानतो. मला हे मान्य नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचं दिसलं. अशा बाईने पुन्हा भात-लोणच्यावर भागवायचं आणि त्याला काटकसर म्हणायचं, हे कसलं वाचवणं?

आमच्या गटातली एक बाई अंगणवाडीत मदतनीस आहे. ती म्हणाली, “ताई, भाजी आणते आणि सडते. त्यापेक्षा चटणी-भाकर बरी, काही वाया तर जात नाही.” भाजी वाया जाऊ नये म्हणून तिने भाजी खाणंच सोडलं होतं. हे ऐकल्यावर आम्ही गटात या विषयावर नीट चर्चा केली आणि त्यातून काही साध्या गोष्टी ठरल्या.

जवळपास राहणाऱ्या तीन-चार जणी आठवडी बाजार मिळून करतात. कोबी, मेथी, कोथिंबीर घेऊन तिथेच वाटे पाडतात. दळणही एकत्र नेतात आणि पीठ वाटून घेतात. मोठं पाकीट एकीने घ्यायचं, हिशेब वहीत लिहायचा. आणलेल्या भाजीचा क्रम ठरलेला असतो. पहिले दोन दिवस पालेभाजी, मग भेंडी-गवार, आणि दुधी, लाल भोपळा, कांदे-बटाटे आठवड्याच्या शेवटी. मूग-मटकी अर्धी वाटीच भिजवायची. रवा भाजून ठेवला की अळी-जाळी लवकर धरत नाही. कोथिंबीर धुऊन न ठेवता निवडून, कोरड्या फडक्यात गुंडाळायची. आणि एक गोष्ट आम्ही सगळ्यांना बजावून सांगतो. उन्हाळ्यात रात्रभर बाहेर राहिलेला भात सकाळी खायचा नाही. तो टाकावा लागला तर वाईट वाटू द्यायचं नाही, दुसऱ्या दिवशी मूठभर तांदूळ कमी घ्यायचे. मोजून रांधणं हा खरा उपाय आहे, शिळं संपवणं हा नव्हे.

पण मैत्रिणींनो, वाटे पाडून सगळा प्रश्न सुटत नाही. नाही तर पुन्हा सगळी जबाबदारी बायकांच्या हुशारीवर टाकून आपण मोकळ्या होऊ. यातला एक प्रश्न थेट सरकारशी भांडण्याचा आहे, आणि तो रेशनकार्डाचा. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. याच कायद्याने घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री ही रेशनकार्डापुरती कुटुंबप्रमुख मानली. कागदावर हे फार चांगलं आहे. प्रत्यक्षात परित्यक्तेचं नाव नवऱ्याच्या नाही तर भावाच्या कार्डावर अडकलेलं असतं. तिच्या वाट्याचं धान्य त्या घरी उचललं जातं आणि ती इथे दुकानातून विकत तांदूळ घेते. वेगळं कार्ड मागायला गेली की आधी जुन्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आण, असं सांगतात. तो दाखला मिळवायला ज्या घरातून तिला हाकललं त्याच घराच्या पायऱ्या चढायच्या! ऐंशी-नव्वदच्या दशकांत परित्यक्तांच्या चळवळीने स्वतंत्र रेशनकार्डाची मागणी लावून धरली होती. इतक्या वर्षांनंतरही अनेक जणींसाठी ती मागणीच राहिली आहे.

एकटी बाई म्हणजे अर्धवट राहिलेलं कुटुंब नव्हे. तिची चूल हीच एक पूर्ण चूल आहे, हे तहसील कचेरीने मानायला हवं, वाण्याने मानायला हवं, आणि सगळ्यांत आधी तिने स्वतः मानायला हवं. नोकरदार स्त्रियांच्या ज्या वसतिगृहांत खोलीत शेगडी चालत नाही आणि वेगळं स्वयंपाकघरही नाही, तिथे सामाईक ओट्याची मागणी आपण करायला हवी. दिवसभर राबून आलेल्या बाईला आपल्या हातचं गरम वरण खाता यावं, ही काही चैन नाही.

माझी आपल्या गटांना एवढीच विनंती आहे की पुढच्या बैठकीत दोन प्रश्न जरूर विचारा. काल रात्री तू काय जेवलीस? आणि तुझं नाव कोणाच्या कार्डावर आहे? उत्तरं वहीत लिहून घ्या. ज्यांचं नाव दुसऱ्याच्या कार्डावर आहे त्यांची यादी करा आणि अर्ज घेऊन तहसीलच्या पुरवठा विभागात एकत्र जा. एकटीदुकटीला परत पाठवणं सोपं असतं, पंचवीस जणी गेल्या तर अर्ज घ्यावाच लागतो. पोच घेतल्याशिवाय मात्र तिथून हलू नका.