पाहुण्यांची खाट आणि गावाचा हंडा

वन (संवर्धन) कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि संरक्षित क्षेत्राबाहेरील वनजमिनीवर सरकारी मालकीची प्राणिसंग्रहालये व सफारी उभारणे हा वनेतर वापर मानला जाऊ नये, असे ठरले. मंजूर वन-आराखड्यांत समाविष्ट असलेल्या पर्यटन-सुविधांनाही हीच मुभा मिळाली. १९ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, आपल्या अंतिम मान्यतेशिवाय वनक्षेत्रात प्राणिसंग्रहालय वा सफारी करता येणार नाही, असा अंतरिम आदेश दिला. या अंकुशाचे स्वागत केले पाहिजे. अंकुश नसला म्हणजे काय होते, याचा दाखला कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पातील पाखरो येथे मिळालाच आहे. व्याघ्र सफारीसाठी तेथे १६३ झाडे तोडण्याची परवानगी होती. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या पाहणीत सहा हजारांहून अधिक झाडे तुटल्याचे आढळले.

परंतु आदेशाचा हा भाग प्राणिसंग्रहालये व सफारी यांच्यापुरता आहे. पाहुण्यांसाठी बांधली जाणारी निवासे, उपाहारगृहे, स्वागतकक्ष यांचा प्रश्न त्याने सुटत नाही, आणि बुलढाणा जिल्ह्याच्या दृष्टीने तोच प्रश्न जवळचा आहे. घाटावर ज्ञानगंगा, सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर तालुक्यात अंबाबरवा, दक्षिणेला लोणार अशी तीन अभयारण्ये या जिल्ह्यात आहेत. २०१९ साली टिपेश्वरचा एक तरुण वाघ पाच महिन्यांत सुमारे तेराशे किलोमीटर चालून ज्ञानगंगेत आला, तेव्हा या जंगलाचे नाव देशभर गेले. २०२० साली लोणार सरोवराला रामसर दर्जा मिळाला. नाव झाले की पाहुणे येतात, पाहुणे आले की त्यांना रात्री टेकायला जागा लागते. यात वावगे काही नाही. शहरातल्या कामगाराच्या मुलालाही जंगल पाहण्याचा हक्क आहे. तो केवळ मोटारवाल्यांचा नव्हे.

मात्र अशा वास्तूंविषयी बोलताना हल्ली ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. छपरावर सौरपट्ट्या, दारात बांबूचे कुंपण आणि पाटीवर हिरवा रंग एवढ्याने तो सार्थ होतो, अशी ठेकेदारांची आणि त्यांच्या नकाशांवर सह्या करणाऱ्यांची समजूत दिसते. वास्तूची खरी परीक्षा तिच्या पाण्याच्या टाकीशी होते.

भारतीय मानकांनुसार निवासी हॉटेलच्या एका खाटेमागे दररोज १८० लिटर पाणी धरले जाते. जलजीवन मिशनने ग्रामीण माणसासाठी ठरविलेले प्रमाण ५५ लिटर. म्हणजे वीस खाटांच्या एका निवासाला रोज ३,६०० लिटर पाणी लागणार, आणि तेवढ्यात गावातील पासष्ट माणसांचा दिवस भागला असता. हा हिशेब कोणत्या भूमीवर मांडला जात आहे, हेही पाहावे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव हे तालुके पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतात. तेथे विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, आणि मूत्रपिंडाच्या विकारांनी घरेच्या घरे खचली आहेत. वर डोंगरात कोरकू, निहाल, भिलाला यांच्या वस्त्या आहेत. त्यांच्या स्त्रियांच्या डोक्यावरचा हंडा उतरण्यापूर्वी पाहुण्यांच्या न्हाणीघरात फवारे सुरू व्हावेत, याला विकास म्हणणे हा शब्दांचा व्यभिचार होय.

वास्तूची आखणी पाण्यापासून सुरू केली, तर वेगळा मार्ग निघतो. तीनशे चौरस मीटर छपरावर सातशे मिलिमीटर पाऊस धरला आणि वीस टक्के गळती-बाष्पीभवनात गेली, तरी १ लाख ६८ हजार लिटर पाणी जमते. हॉटेलच्या प्रमाणाने ते वीस पाहुण्यांना दीड महिना पुरेल. गावाच्या प्रमाणाने, म्हणजे दरडोई ५५ लिटरने, ते पाच महिने पुरेल: फेब्रुवारी ते जून, नेमके टंचाईचे दिवस. त्यासाठी आठ मीटर लांब, सात मीटर रुंद आणि तीन मीटर खोल टाके बांधावे लागेल. खर्च मोठा आहे, हे मान्य. पण सिंदखेडराजाच्या पुतळा बारवेकडे पाहिले, तर या जिल्ह्याच्या पाथरवटांना पाणी साठविण्याची विद्या परकी होती, असे कोणी म्हणणार नाही. सांडपाणी शोषखड्ड्यातून झाडांना द्यावे. उष्टे-खरकटे मात्र एक दिवसही उघड्यावर राहता कामा नये. ज्ञानगंगेचे जंगल अस्वलांचे आहे. उकिरड्याला चटावलेले अस्वल पाहुण्यांच्या करमणुकीचे ठरते आणि पुढे एखाद्या गुराख्याच्या जिवावर उठते.

भिंती-छपरांचेही असेच आहे. घाटाखाली मे महिन्यात सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खोलीत ओततो. मग वातानुकूलन यंत्र येते, वीज गेली की डिझेलचे जनित्र येते, आणि जंगलाची शांतता ऐकायला आलेला पाहुणा जनित्राची घरघर ऐकत झोपतो. वऱ्हाडातील धाब्याची घरे जाड मातीच्या छपरामुळे उन्हाळ्यात थंड राहत. धाब्याला दरवर्षी माती लागते, ते गळते, वाळवी लागते आणि सागाच्या दांड्यांसाठी जंगलच तोडावे लागते. तेव्हा जुने ते सारे जसेच्या तसे उचलावे, असा आग्रह नाही. स्थानिक काळ्या पाषाणाच्या जाड भिंती, खोल पडवी, आणि लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेली, विटा उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवणारी भिंत यांतून बरेच साधते. या पद्धतीत विटांची सुमारे चतुर्थांश बचत होते. त्याहून महत्त्वाचे असे की पैसा सिमेंट कारखान्याकडे न जाता गवंड्याच्या हातात पडतो.

येथेच मूळ प्रश्नाशी गाठ पडते. ही वास्तू कोणाची? रोजगार हमीचा कायदा १९७७ साली याच महाराष्ट्राने प्रथम केला आणि कामाच्या मागणीला हक्काचे रूप दिले. त्याच महाराष्ट्रात जंगलाकाठच्या तरुणाला पर्यटक निवासात ठेकेदाराचा झाडूवाला म्हणून ठेवणार असतील, तर दगड स्थानिक असूनही वास्तू परकीच राहील. गावाला व्यवहार जमत नाही, हा आक्षेप नेहमीचा आहे. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळविला आणि २०११ पासून स्वतःचा बांबू स्वतः विकला. त्यात व्यवहाराला काही कमी पडले नाही.

कार्यकर्त्यांनी या प्रश्नाकडे पर्यटन खात्याची बाब म्हणून पाहू नये. संग्रामपूर, मोताळा, लोणार या तालुक्यांत असे निवास जेथे प्रस्तावित होईल, तेथे त्याचा नकाशा आणि पाण्याचा हिशेब मराठीत ग्रामसभेपुढे ठेवावा, गावाच्या नळाला ५५ लिटर पोहोचल्याचा दाखला मिळेपर्यंत बांधकामाचा कार्यारंभ आदेश देऊ नये, आणि निवास चालविण्याचा पहिला अधिकार गावातील महिला बचत गटांच्या संघाला असावा, असा ठराव येत्या ग्रामसभेत मांडून घ्यावा. ठरावाची नोंद इतिवृत्तात झाल्याशिवाय सभा उठू देऊ नये.