यंत्रमानवांची दहीहंडी

दहीहंडीच्या वेळी खालच्या गड्याचा खांदा किंचित ढळला, तर वरचे थर कोसळतात. हे महाराष्ट्रातील प्रत्येक मुलास ठाऊक असते. परंतु हाच खेळ यंत्रांनी खेळावयाचा झाला तर? २००८ साली ‘रोबोकॉन’ ही आशिया व पॅसिफिक प्रदेशातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची यंत्रमानव-स्पर्धा पुण्यास भरली, तेव्हा तिच्यासाठी गोविंदाचाच खेळ योजिला होता. विद्यार्थ्यांनी घडविलेल्या यंत्रांनी उंचावरील मडक्यांचे लोणी तीन मिनिटांत काढून आणावयाचे होते. लोणी अर्थातच लटके होते. पडणे मात्र खरे होते.

नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचे विद्यार्थीही या स्पर्धेत उतरत आले आहेत. ही संस्था १९६० साली स्थापन झाली. तिला ज्यांचे नाव दिले आहे, त्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या योजनेनुसार १९०३ मध्ये खडकवासल्याच्या जलाशयावर स्वयंचलित दरवाजे बसविण्यात आले. पाणी ठराविक पातळीवर चढले, की ते आपोआप उघडत. रात्री-अपरात्री पूर आला, तरी दरवाजापाशी माणसाने धावत जाण्याचे कारण नव्हते. यंत्राला आपले काम आपणच ओळखावयास लावणे ही कल्पना आजची नव्हे, ती अशी.

अशा स्पर्धांमुळे मुले अभियांत्रिकीकडे वळतात, हे बरेचसे खरे आहे. परंतु त्यांना वळविते ते बक्षीस नसून बिघाड होय. काळ्या रेघेवरून चालणारी साधी गाडीच घ्या. तिच्या पोटाशी एक लहान दिवा असतो. पांढऱ्या जमिनीवरून त्याचा प्रकाश परततो, काळ्या रेघेवरून फारसा परतत नाही; त्या फरकावरून गाडी वाट ओळखते. वर्गात ती निमूटपणे रेघेवरून चालते, आणि स्पर्धेच्या दिवशी खिडकीतून नागपूरचे ऊन आत आले, की भलतीकडेच धावू लागते! ज्या मुलाला ऊन आणि दिवा यांतील हा घोटाळा उमगला व ज्याने पुठ्ठ्याचा तुकडा लावून दिव्यावर सावली धरली, तो त्या क्षणी अर्धा अभियंता झालाच.

हा क्षण आज अनेकांच्या वाट्याला येत नाही, कारण बाजारात तयार संच मिळतात. पैसे मोजावे, चार स्क्रू पिळावे, आणि गाडी चालू लागते. वडिलांच्या खिशाने जिंकलेल्या अशा शर्यतीत मुलाचे काय आहे? २०१६ नंतर अनेक शाळांत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा निघाल्या. सहावी ते बारावीच्या मुलांनी तेथे स्वतःच्या हातांनी जोडावे, मोडावे व पुन्हा जोडावे, हाच त्यांचा हेतू. तेथील कपाटांना कुलूप असेल, तर मात्र सारेच फुकट.

म्हणून परीक्षकांनी केवळ घड्याळाकडे पाहू नये. शर्यत संपल्यावर त्यांनी प्रत्येक गाडीची एक तार हलकेच काढावी आणि ती पुन्हा चालू करण्यास मुलास पाव तास द्यावा. पहिला क्रमांक त्यानंतर ठरवावा.